उसवणबाईंच्या एकशे ऐंशी खुर्च्या

उसवणबाईंना संध्याकाळी फोन आला की समोरचा माणूस आधी थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलायचा. तब्येत कशी, काम कसं चाललंय, यंदा उकाडा फारच आहे. बाई ऐकून घ्यायच्या आणि मग म्हणायच्या, "ते राहू द्या. कुठं निघालात आणि बरोबर कोण आहे?"

कारण फोन एकाच गोष्टीसाठी आलेला असायचा. विमानाचं तिकीट काढून झालेलं असायचं, पडद्यावर खुर्च्यांचा नकाशा उघडलेला असायचा, आणि नेमकं कोणत्या चौकोनावर बोट टेकवायचं यावरून घरात जुंपलेली असायची.

मग बाई डॉक्टरासारख्या एकेक विचारायला लागायच्या. उंची किती? गुडघा दुखतो का? कोणता, डावा की उजवा? लघवीला किती वेळा उठावं लागतं? लाजू नका, मला काय त्याचं. पोटात ढवळतं का? उतरल्यावर पुढची गाडी गाठायची आहे का? सगळं ऐकलं की निकाल. "बारा सी घ्या. उजवा गुडघा म्हणताय ना, मग डाव्या हाताची रांग आणि वाटेकडची खुर्ची. पाय वाटेत लांब करता येईल. खाण्याची गाडी आली की तेवढा आत घ्या, नाहीतर दुसराही गुडघा जायचा."

लोकांना याचं फार नवल वाटायचं. त्याहून मोठं नवल असं की वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत या बाई एकदाही विमानातून कुठे गेल्या नव्हत्या.

उभ्या विमानात मात्र हजारदा गेल्या होत्या. विमानतळाच्या कुंपणाला लागून एक भलीमोठी शेड होती. वर्षभर उडून दमलेली विमानं तिथे तपासणीला यायची. इंजिनं उघडली जायची, चाकं उतरायची, आणि आतल्या सगळ्या खुर्च्या सुटून शेजारच्या लांबलचक दालनात यायच्या. मध्ये एकच वाट आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन खुर्च्या, अशा तीस ओळी. एकशे ऐंशी खुर्च्या. त्यांचे अभ्रे काढायचे, फाटलेले शिवायचे, बसून बसून दबलेला फोम बदलायचा, आणि पुन्हा चढवून द्यायचे. हे काम बाई सव्वीस वर्षं करत होत्या. त्यांचा नवरा चपलांच्या दुकानात होता. कुणी विचारलं तर तो गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "आमच्याकडे मी लोकांचे पाय मापतो आणि ही लोकांची बुडं."

नाव मात्र पडलं ते कामाच्या पहिल्याच दिवशी. बाईंचे वडील ट्रकच्या सीटा शिवायचे. त्यांच्याच मशीनवर बाईंचा हात बसला होता, आणि त्या जोरावर त्या विमानाच्या शेडमध्ये कामाला विचारायला गेल्या. साहेबांनी एक अभ्रा पुढे टाकला. "हा कोपरा फाटलाय. शिवून दाखवा." बाईंनी अभ्रा उलटा केला, कात्रीचं टोक घातलं आणि बघता बघता सबंध बाजूची शिवण उसवून टाकली.

"अहो बाई! कोपरा शिवायला सांगितला होता!"

"कोपऱ्याचा दोष नाही साहेब. शिवण ओढून घेतलीय, म्हणून त्याच्यावर ताण आलाय. आज कोपरा शिवला तर महिन्याभरात पुन्हा तुमच्यापुढे येईल."

अर्ध्या तासात बाईंनी सगळी बाजू नव्यानं शिवली. साहेबांनी कोपरा धरून दोन्ही हातांनी ओढून पाहिला, आणि कामाचा कागद पुढे सरकवला. त्या दिवसापासून त्या उसवणबाई झाल्या. चांगली पाच-सहा वर्षं गेल्यावर कुणालातरी पगाराच्या कागदावर त्यांचं खरं नाव दिसलं, तर तो विचारत सुटला की ही नवीन कोण आली.

खुर्च्यांची पारख बाईंना कुणी शिकवली नाही. ती त्यांनी अभ्र्यांवरून काढली. वाटेकडच्या खुर्चीचा हात बाहेरून खरचटलेला, म्हणजे खाण्याची गाडी तिथे घासते. मधल्या खुर्चीचे दोन्ही हात पार गुळगुळीत, म्हणजे तिघांची कोपरं तिथे भांडतात. अगदी मागच्या ओळींत हातांच्या टोकांना नखांच्या खुणा, म्हणजे शेपटाकडे विमान जास्त हलतं आणि माणसं जीव मुठीत धरून बसतात. पंखांच्या वरच्या ओळींत तशा खुणा नव्हत्याच. खुर्च्या पुन्हा बसवून झाल्या की बाई डब्याच्या सुट्टीत विमानात शिरायच्या आणि रोज वेगळ्या खुर्चीवर बसून जेवायच्या. सगळ्यांत पुढच्या ओळीत पाय पसरता येतात, पण तिथे खाण्याचं फळकूट खुर्चीच्या हातात दडवलेलं, त्यामुळे हात जाड आणि बैठक अरुंद. अंगानं भरलेल्या माणसानं तिथे जाऊ नये. संकटकाळच्या दाराशी जागा ऐसपैस, पण तिथे बसायचं तर दार उघडायची ताकद हवी. त्याच्या पुढच्या ओळीची पाठ मागे जात नाही. शेवटच्या ओळीचीही नाही, शिवाय संडासाची रांग तोंडावर. आणि अकराव्या ओळीत डावीकडे, अकरा ए, त्या खुर्चीला खिडकीच नव्हती. त्या जातीच्या विमानात तिथे भिंतीतून हवेचा नळ गेलेला होता. नकाशावर मात्र ती खिडकीची जागा म्हणून मिरवायची. त्या एका खुर्चीपासून बाईंनी किती जणांना वाचवलं असेल, त्याचा हिशेब नाही.

बाईंची थोरली बहीण अंध मुलांच्या शाळेत वसतिगृह सांभाळायची. तिथली मुलं तिला मोठी मावशी म्हणायची. एके दिवशी तिचाच फोन आला.

"आमची बुद्धिबळाची मुलं स्पर्धेला निघालीत. विमानानं! आठ खेळाडू, दोन सर आणि मी. सगळी पहिल्यांदाच बसणार आहेत. जागा तेवढ्या तू काढून दे."

बाईंनी आनंदानं कागद घेतला. आपल्या बहिणीचं काम, म्हणून दोन संध्याकाळी खपून नकाशा काढला. मुलांना दिसत नाही, तर त्यांना मधल्या आणि वाटेकडच्या जागा. बाहेर बघायला दोन्ही सरांना आणि ताईला खिडक्या. कुणाच्या शेजारी कोण, सगळं चोख. नकाशा पाठवून दिला आणि बाई निवांत झाल्या.

दुसऱ्या दिवशी ताईच्याच फोनवरून एका मुलीचा आवाज आला. "धाकट्या मावशी का? मी वजीर बोलतेय."

ही पंधरा वर्षांची मुलगी संघातली सगळ्यांत तेज खेळाडू. काही झालं तरी आपला वजीर देत नाही, म्हणून तिचं नाव वजीर.

"बोल गं."

"तुमचा नकाशा आम्हाला वाचून दाखवला. मला मधली खुर्ची का?"

"मध्ये बरं असतं. एका बाजूला सर, एका बाजूला तुझी मैत्रीण."

"आणि खिडकीत सर का?"

"म्हणजे... त्यांना बाहेर बघता येईल ना."

"गाण्याचे सर तर विमानात बसले की झोपतात. त्यांनीच सांगितलंय." मग ती म्हणाली, "मावशी, मी बसमध्ये नेहमी खिडकीत बसते. पूल आला की आवाज पोकळ होतो. झाडं आली की गालावरचं ऊन लुकलुकतं. मैदान आलं की वारा सरळ येतो. खिडकीतून नुसतं बघतात, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

बाईंनी नकाशा पुढे ओढला. सव्वीस वर्षं त्या प्रत्येकाला आधी प्रश्न विचारत आल्या होत्या आणि मग जागा देत आल्या होत्या. गुडघा कोणता इथपर्यंत विचारणाऱ्या बाईंनी या आठ जणांना एक अक्षर विचारलं नव्हतं. परस्पर ठरवून मोकळ्या झाल्या होत्या. "मी तिकडेच येते," म्हणून त्यांनी फोन खाली ठेवला, नकाशा चार ठिकाणी फाडला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, रविवारी मी ताईच्या शाळेत जातेय. माझी शिवण चुकलीय."

रविवारी त्या वसतिगृहाच्या दालनात आठही जणांना समोर घेऊन बसल्या. भोकं पाडलेले पट आणि खाली खिळे असलेले मोहरे बाजूला सरकवले गेले. बाईंनी पहिल्या वाक्यातच चूक कबूल केली आणि मग एकेकाला प्रश्न सुरू केले. एका उंच मुलाला वाटेकडची हवी होती, पायांसाठी. दोघं मित्र तोंडी डाव खेळायचे, त्यांना शेजारी शेजारी. एक बारकी मुलगी म्हणाली, "मला भीती वाटेल. दोन्हीकडून कुणाचातरी हात धरायचाय. मला मधलीच द्या." बाईंनी कागदावर लिहिता लिहिता मान वर केली. मधली खुर्ची मागून घेणारं माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटत होतं.

वजीरला दहा ए दिली. मोठी, स्वच्छ खिडकी, डाव्या बाजूला, कारण दुपारच्या प्रवासात ऊन तिकडून येणार होतं. गाण्याच्या सरांना तिच्या मागची अकरा ए.

"तिथे खिडकी नाही सर. पण तुम्ही झोपणार ना? डोकं टेकायला सबंध भिंत आहे."

"उत्तम," सर म्हणाले. "सूर्यप्रकाशात माझी झोप मोडते."

निघता निघता बाईंना वाटलं, नकाशा झाला, पण या मुलांना खुर्ची म्हणजे काय ते कळायला नको का? दुसऱ्या दिवशी त्या थेट साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या. साहेब म्हणाले, शेडमध्ये बाहेरचं माणूस आणायची परवानगी काढताना नाकी नऊ येतात.

"सव्वीस वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलं नाही. आता मागतेय. अर्धा तास."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "अर्धा तासच," ते म्हणाले.

तो अर्धा तास दोन तास चालला आणि साहेब स्वतःच सगळ्यांत शेवटी बाहेर पडले. बाईंनी मुलांना जिन्यावरून वर नेलं, एकेका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ओळी मोजायला शिकवलं. दारापासून आपली ओळ कितवी. आपल्या ओळीपासून संकटकाळचं दार किती ओळींवर. पट्टा कसा लागतो, खुर्चीखालचा पोहण्याच्या जाकिटाचा कप्पा कुठे आहे, डोक्यावरची हवा कशी वळवायची. मुलं पुढे मागे फिरत मोजत होती, चुकत होती, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती.

"मावशी," वजीर म्हणाली, "दिवे गेले आणि धूर झाला तर?"

"तर कुणालाच काही दिसणार नाही."

"मग तेवढा वेळ सगळ्यांनी आमच्या मागे यायचं."

खुर्च्या बसवणारा मिस्त्री पान्हा हातात धरून मागे उभा होता. तो इतक्या मोठ्यानं हसला की विमानाबाहेरची माणसं आत डोकावली.

जाताना वजीरचं बोट एका खुर्चीच्या कडेवरून फिरलं. "ही कुणी शिवलीय? टाक्याला टाका सारखा आहे."

"मी."

"आणि ही शेजारची?"

"ती दुसऱ्या बाईंनी."

"हं. शेवटी शेवटी कंटाळल्या त्या."

बाईंनी वाकून पाहिलं. शेवटचे आठ-दहा टाके खरंच केसभर लांब होते. भिंग घेऊन तपासणाऱ्या माणसाच्या नजरेतून ते सुटले होते.

प्रवासाला चार दिवस राहिले असताना गाण्याचे सर जिन्यावरून घसरले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. गटाच्या तिकिटात नाव बदलता येत होतं. ताईनं फोन केला तो विचारायला नव्हताच, सांगायला होता. "तू येतेयस. सामान भर."

बाईंनी आडवेढे घेऊन पाहिले. साहेब रजा देणार नाहीत, घर कोण बघेल, इतक्या मुलांत माझा काय उपयोग. साहेबांनी रजा एका मिनिटात दिली. नवरा म्हणाला, "इतकी वर्षं जगाला बसवलंस. एकदा स्वतः बसून बघ, शिवण टोचते का."

अशा रीतीनं बाई त्यांच्या पहिल्या विमानप्रवासाला निघाल्या, आणि त्यांच्या वाट्याला आली अकरा ए. जी जागा कुणी चुकूनही घेऊ नये म्हणून त्या फोनवर घसा कोरडा करायच्या, तीच. तीही स्वतःच्या हातानं नकाशावर लिहिलेली. ताई हसून हसून बेजार झाली. "बदलून घेऊ या का?"

"मुळीच नाही," बाई म्हणाल्या आणि भिंतीकडे सरकून बसल्या.

मुलं आत आली ती बघण्यासारखी होती. पुढचे प्रवासी नंबर शोधत माना वर करून खोळंबले होते. ही आठ जणं मात्र पाठींवर हात ठेवत, ओठांतल्या ओठांत मोजत आपापल्या ओळीशी येऊन थांबली, न चुकता. पट्टे लागले. विमानातल्या सेविकेनं सूचना द्यायच्या आत बारकी मुलगी शेजारच्या अनोळखी गृहस्थांना जाकीट कुठे असतं ते सांगत होती. बाईंनी स्वतःचा पट्टा पुन्हा एकदा ओढून पाहिला.

विमान धावायला लागलं. मग खालचं धडधडणं एकदम थांबलं आणि बाईंची पाठ खुर्चीत रुतली. त्यांनी खिडकीकडे बघायला मान वळवली. समोर करडी भिंत.

पुढच्या खुर्चीच्या आणि भिंतीच्या फटीतून आवाज आला. "धाकट्या मावशी, तुम्हाला काय दिसतंय?"

"भिंत. चांगली पुसलेली आहे."

"थांबा, मग मी सांगते." वजीरनं गाल काचेला लावला असावा, कारण आवाज जरा दबका झाला. "आत्ता खाली धप्प झालं ना, ती चाकं पोटात गेली. ... ऊन येतंय, जातंय. ढगाचे तुकडे असणार. ... आता गेलंच. काच गार पडली. आपण ढगात आहोत." बराच वेळ काही नाही. मग एकदम, "आलो! बाहेर आलो. ऊन किती कडक आहे! मध्ये काहीच नाहीये मावशी, वर नुसता सूर्य."

बाईंनी डोळे मिटून घेतले होते. ढगातून वर येणं म्हणजे काय ते त्यांना पहिल्यांदा कळलं, ते असं.

"आता आपण वळतोय. ऊन गालावरून कानामागे गेलं."

बाईंच्या शेजारचा प्रवासी वाकून पुढच्या ओळीच्या खिडकीतून बघत म्हणाला, "हो की! पंख कलला."

"मावशी, तुम्ही इथे या. मी तिथे बसते."

"गप बस. ती जागा मी तुझ्यासाठी निवडलीय. मी निवड बदलत नसते."

"एकदा बदलली होती की."

या पोरीपुढे बाई चारी मुंड्या चीत. त्या हसल्या आणि फटीतून दोन बोटं घालून तिच्या खांद्याला चिमटा काढला.

खाणं झाल्यावर वजीर ताईबरोबर मागे गेली, आणि येताना एकटी येते म्हणाली. शेवटच्या ओळीपासून वीस पाठी मोजायच्या, एवढंच तर होतं. अर्ध्या वाटेत एक माणूस वरच्या फडताळातून पिशवी काढत उभा होता. त्याला वळसा घालताना तिचा आकडा चुकला. आपली ओळ समजून तिनं हात ठेवला तो एका गृहस्थांच्या टकलावर.

"अहो!" गृहस्थ दचकून ओरडले. आजूबाजूला हशा पिकला. वाईट हेतूनं कुणी हसलं नव्हतं, आणि ते गृहस्थ तर उठून तिला जागेवर सोडून गेले. पण त्यानंतर फटीतून आवाज आला नाही.

बाई बराच वेळ छताकडे बघत राहिल्या. ओळीचे आकडे वर होते, सामानाच्या फडताळाखाली. मान वर करून वाचायचे. हाताला लागेल असा एकही आकडा सबंध विमानात नव्हता. सव्वीस वर्षांत या खुर्च्यांवरचा टाकान् टाका त्यांच्या हाताखालून गेला होता आणि हे कधी डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी फटीशी तोंड नेलं. "वजीर, तुमचे ते ठिपक्यांचे आकडे असतात, ते दोऱ्यानं काढले तर वाचता येतील?"

"दोऱ्यानं कसे?"

"गाठीचा टाका घालून. एकेक ठिपका म्हणजे एकेक गाठ."

"गाठी सारख्या आल्या तर येतील," वजीर म्हणाली. आणि मग, "तुमच्या येतील."

स्पर्धेत संघ चौथा आला. वजीरनं गतवर्षीच्या विजेत्याला पाच तास झुंजवून डाव बरोबरीत सोडवला. परतीच्या विमानात ती झोपून गेली. बाई मात्र जाग्या होत्या आणि रुमालाच्या कोपऱ्यावर गाठी घालून बघत होत्या.

परत आल्यावर साहेबांनी तो रुमाल हातात घेतला आणि ते म्हणाले, "बाई, कल्पना सोन्यासारखी आहे. पण खुर्चीवर एक टाका जास्त घालायचा तरी कागद लागतो, हे मी तुम्हाला काय सांगू." बाईंनी कागद केले. नमुने केले. आगीला दाद न देणाऱ्या जाड दोऱ्यानं गाठी घातल्या, तो तुकडा ज्योतीवर धरून तपासला गेला. हजार वेळा डोकं घासलं तर गाठ झिजते का, ते पाहिलं गेलं. दोनदा नकार आला. बाईंनी दोन्ही वेळा उसवून गाठ आणखी घट्ट बसवली. डोकं टेकायच्या आवरणावर नको, टोचेल, असं कुणीतरी लिहून पाठवलं. मग बाईंनी ठिपके आवरणाच्या कडेला नेले, वाटेच्या बाजूला, जिथे चालणाऱ्याचा हात आपोआप पडतो. आठ महिन्यांनी मंजुरी आली. आधी एकाच विमानावर करून बघायचं होतं. तीस ओळी, दोन्हीकडच्या वाटेकडच्या खुर्च्या, साठ आवरणं.

बाईंनी ती साठही स्वतः केली. दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. आवरणं चढली तेव्हा तपासणीचा प्रश्न आला. सबंध शेडमध्ये ठिपके वाचणारं एकही माणूस नव्हतं.

"एक आहे," बाई म्हणाल्या.

वजीर आली ती शाळेच्या गणवेशात, केस चापून बांधून. साहेब, मिस्त्री, शिवणाऱ्या बायका, सगळे वाटेत आणि दारात दाटीवाटीनं उभे. ती पहिल्या ओळीपासून निघाली. डावा हात डावीकडे, उजवा उजवीकडे. एक. एक. दोन. दोन. ती न अडखळता म्हणत चालली होती आणि बाई तिच्यामागे श्वास रोखून. विसाव्या ओळीनंतर बाईंचा जीव जरा भांड्यात पडतो आहे तोच मुलगी थांबली. उजवी बोटं मागे आली, पुन्हा पुढे गेली.

"मावशी, विमानात तीसच ओळी आहेत ना?"

"तीसच."

"मग ही बत्तिसावी कुठून आली?"

तेवीसचे आकडे उलटे पडले होते. सव्वीस वर्षांत बाईंची एकही शिवण परत आली नव्हती. मिस्त्री छताकडे बघायला लागला. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र असं हसू पसरलं की बघणाऱ्यांना वाटावं, त्यांना बक्षीस मिळालंय. "बघितलंत?" त्या साहेबांकडे वळून म्हणाल्या. "अशी तपासणी हवी." त्यांनी तिथेच आवरण काढलं, खिडकीच्या उजेडात बसून गाठी उसवल्या, नव्यानं घातल्या आणि चढवलं. मुलगी तोवर तीसपर्यंत जाऊन परत आली होती. तिनं बोट फिरवलं. "तेवीस," ती म्हणाली. "आता बरोबर."

कागद भरायची वेळ आली. तपासणाऱ्याचं नाव, हुद्दा, सही. साहेबांचं पेन हुद्द्यापाशी थांबलं. "इथे काय लिहू? पाहुणी?"

"तपासनीस लिहा," उसवणबाई म्हणाल्या. "तिनं काम केलंय."

साहेबांनी तसं लिहिलं. बाईंनी सहीच्या रेघेवर पट्टी आडवी धरली आणि वजीरचं बोट तिच्यावर टेकवलं. मुलीनं सावकाश, अक्षर जुळवत आपलं पूर्ण नाव लिहिलं. मग पेन परत करत विचारलं, "अशी आणखी किती विमानं आहेत?"

"सध्या अकरा," साहेब म्हणाले. "पुढचं येत्या महिन्यात येईल. येशील ना?"

"येत्या महिन्यात माझी परीक्षा आहे. त्यानंतरची तारीख द्या."

साहेबांनी खिशातून वही काढली आणि तिला सोयीची तारीख कोणती ते विचारून लिहून घेतली.